अटकेने मारहाण थांबते का? गुन्हेविषयक सरकारी संशोधनाचा धडा

घरात नवऱ्याने बायकोला मारहाण केली आहे, शेजाऱ्यांनी फोन केला आहे आणि पोलिस दारात उभे आहेत. अशा वेळी पोलिसांनी काय करावे? नवऱ्याला अटक करावी, दोघांना समजावून सांगावे, की नवऱ्याला काही तास घराबाहेर काढावे? जगातील जवळजवळ प्रत्येक पोलिस ठाण्यात हा प्रश्न रोज उभा राहतो. त्याचे उत्तर बहुधा त्या वेळी हजर असलेल्या पोलिसाचा अनुभव, स्वभाव आणि समजूत यांवर ठरते. अमेरिकेच्या सरकारने १९८०च्या दशकात हा प्रश्न प्रयोगाने तपासून पाहण्यासाठी पैसा दिला. पहिले उत्तर अवघ्या काही वर्षांत मिळाले, त्यावर कायदे झाले आणि नंतर तेच उत्तर अपुरे असल्याचेही सरकारी पैशातूनच पुढे आले. गुन्हे रोखण्यासाठी आणि फौजदारी न्यायासाठी सरकारने संशोधनावर खर्च का करावा आणि कसा करावा, याचा याहून बोलका दाखला क्वचितच सापडेल.

संशोधन संस्थेचा जन्म

अमेरिकेत १९६०च्या दशकात गुन्हेगारी हा राजकारणाचा मुख्य विषय बनला. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६५ मध्ये कायद्याची अंमलबजावणी आणि न्यायव्यवस्था यांचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. त्याचा अहवाल फेब्रुवारी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. पोलिस, न्यायालये आणि तुरुंग यांविषयी या अहवालात दोनशेहून अधिक शिफारशी होत्या. त्यातील एक निरीक्षण विशेष बोचरे होते. संरक्षण खात्याच्या वार्षिक अंदाजपत्रकातील सुमारे १५ टक्के रक्कम संशोधनावर खर्च होते, मात्र गुन्हे नियंत्रणाच्या एकूण खर्चात संशोधनाचा वाटा एक टक्क्याच्या अगदी लहानशा अंशाइतकाच आहे, असे आयोगाने नमूद केले. एवढ्या मोठ्या यंत्रणेवर देश खर्च करतो, पण त्या यंत्रणेच्या कोणत्या कृतीचा काय परिणाम होतो हे कुणी मोजत नाही, असा त्याचा अर्थ होता.

त्यानंतर १९६८ मध्ये अमेरिकी संसदेने गुन्हे नियंत्रणाचा व्यापक कायदा संमत केला. त्यातून राज्यांच्या पोलिस दलांना केंद्राचे अनुदान मिळू लागले आणि संशोधनासाठी एक स्वतंत्र संस्थाही उभी राहिली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिला ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस’ हे आजचे नाव मिळाले. ही संस्था न्याय खात्याच्या अखत्यारीत आहे. ती गुन्ह्यांचा तपास करीत नाही आणि पोलिसांवर तिचा हुकूमही चालत नाही. संशोधनाचे विषय जाहीर करणे, विद्यापीठे व संशोधन संस्थांकडून प्रस्ताव मागविणे, तज्ज्ञांकडून ते तपासून घेऊन निधी देणे आणि निष्कर्ष प्रसिद्ध करणे, असे तिच्या कामाचे मुख्य स्वरूप आहे.

जॅकेटपासून डीएनएपर्यंत

संस्थेच्या कामाची व्याप्ती मोठी आहे. सत्तरच्या दशकात तिने ‘केव्हलार’ या नव्या कृत्रिम धाग्याचा उपयोग पोलिसांच्या अंगरख्यासाठी होऊ शकतो का, याची चाचणी घेतली. मोटारींच्या टायरसाठी विकसित झालेला हा धागा पिस्तुलाची गोळी अडवू शकतो, असे दिसून आले. १९७५ मध्ये अशी जॅकेटे प्रत्यक्ष वापरासाठी पोलिस दलांना देण्यात आली. तेव्हापासून अशा जॅकेटमुळे तीन हजारांहून अधिक पोलिसांचे प्राण वाचल्याचे संस्था सांगते. पुढे तिने ठरविलेली दर्जाची मानके जगभर प्रमाण मानली गेली. भारतात २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर पोलिसांच्या बुलेटप्रूफ जॅकेटच्या दर्जाचा प्रश्न ऐरणीवर आला होता. खरेदीच्या निविदांमध्ये त्या काळी याच अमेरिकी मानकांचा आधार घेतला जात असे. भारतीय मानक ब्युरोने जॅकेटसाठी स्वतःचे मानक २०१८ मध्ये तयार केले.

याच संस्थेच्या निधीतून १९९६ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. न्यायालयाने दोषी ठरविलेल्या, परंतु पुढे डीएनए चाचणीने निर्दोष असल्याचे सिद्ध झालेल्या २८ व्यक्तींची प्रकरणे त्यात मांडली होती. साक्षीदाराने ओळख पटविली म्हणजे गुन्हेगार सापडला, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. खुद्द न्याय खात्याच्या पैशातून न्यायव्यवस्थेच्या चुका उघड झाल्या, हे या अहवालाचे वैशिष्ट्य होते.

जॅकेट गोळी अडवते की नाही, हे प्रयोगशाळेत तपासता येते. डीएनएचा नमुना जुळतो की नाही, हेही तेथेच ठरते. पण पोलिसांच्या एखाद्या कृतीमुळे माणसाची पुढची वागणूक बदलते की नाही, हे कसे तपासणार? हा प्रश्न अधिक अवघड होता आणि मिनिआपोलिस येथील प्रयोगाने त्यालाच हात घातला.

मिनिआपोलिसचा प्रयोग

त्या काळी अमेरिकेतील अनेक राज्यांत घरगुती मारहाण हा ‘खासगी मामला’ समजला जाई. दुखापत किरकोळ असेल आणि मारहाण पोलिसांच्या डोळ्यांदेखत झालेली नसेल, तर वॉरंटशिवाय अटक करता येत नसे. मिनेसोटा राज्याने ही अट शिथिल केली होती. तरीही अटक अपवादानेच होई. महिला संघटना अटकेचा आग्रह धरीत होत्या. मध्यस्थी करावी, असे काही मानसशास्त्रज्ञांचे म्हणणे होते. बहुतेक पोलिसांना या भानगडीत पडण्याची इच्छाच नव्हती. तिन्ही बाजूंकडे मते होती, पुरावा कुणाकडेच नव्हता.

लॉरेन्स शेर्मन आणि रिचर्ड बर्क या समाजशास्त्रज्ञांनी शहराच्या पोलिस दलाच्या सहकार्याने मार्च १९८१ ते ऑगस्ट १९८२ या काळात हा प्रयोग केला. त्याची पद्धत साधी होती. मारहाण किरकोळ स्वरूपाची असेल आणि दोघेही घटनास्थळी हजर असतील, अशीच प्रकरणे निवडण्यात आली. गंभीर दुखापत झालेली प्रकरणे वगळली गेली. प्रयोगात सहभागी पोलिसांना नोंदीच्या कागदांचे पॅड देण्यात आले. त्यातील कागद तीन रंगांचे होते आणि त्यांचा क्रम आधीच चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरलेला होता. वरचा कागद ज्या रंगाचा असेल ती कृती करायची: आरोपीला अटक, आठ तासांसाठी घराबाहेर काढणे किंवा समज देऊन निघून जाणे.

निर्णय पोलिसाच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठीवर का सोडला, हे समजून घेणे आवश्यक आहे. पोलिस नेहमीच्या पद्धतीने काम करतात तेव्हा ते अधिक दांडग्या, अधिक धोकादायक माणसालाच अटक करतात. असा माणूस पुढे पुन्हा मारहाण करण्याची शक्यता मुळातच जास्त असते. त्यामुळे नेहमीच्या नोंदी तपासल्या तर अटकेचा काहीच उपयोग होत नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. चिठ्ठीमुळे तिन्ही गटांत सारख्याच प्रकारची माणसे येतात आणि पुढे दिसणारा फरक पोलिसांच्या कृतीमुळे पडला, असे म्हणता येते. औषधांच्या चाचणीत हीच पद्धत वापरतात.

एकूण ३१४ प्रकरणांचा सहा महिने पाठपुरावा झाला. पोलिसांच्या नोंदींनुसार अटक झालेल्यांपैकी १० टक्के, समज दिलेल्यांपैकी १९ टक्के आणि घराबाहेर काढलेल्यांपैकी २४ टक्के आरोपींनी पुन्हा हिंसा केली. पीडित महिलांच्या मुलाखतींतून आलेले आकडे मोठे होते, पण अटकेच्या बाबतीत कल तोच होता: अटकेनंतर १९ टक्के, तर समज दिल्यानंतर ३७ टक्के. विशेष म्हणजे अटक झालेल्या १३६ जणांपैकी केवळ तिघांना न्यायालयाकडून शिक्षा झाली. म्हणजे शिक्षेचा नव्हे, तर नुसत्या अटकेचाच परिणाम झाला असावा, असा निष्कर्ष निघत होता.

निष्कर्षाची घाई

हे निष्कर्ष १९८४ मध्ये संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांनी ते उचलून धरले. त्याच वर्षी कौटुंबिक हिंसाचारावर नेमलेल्या सरकारी कृती दलानेही अटकेच्या बाजूने कौल दिला. कनेक्टिकटमधील टॉरिंग्टन शहराच्या पोलिसांनी वारंवार तक्रारी करूनही एका महिलेला संरक्षण दिले नव्हते. तिने भरलेल्या दाव्यात शहर हरले आणि मोठ्या भरपाईचा निकाल लागला. तक्रार दुर्लक्षिली तर भुर्दंड पडेल, ही भीतीही त्यामुळे पोलिस दलांत पसरली. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपैकी अशा प्रकरणांत अटकेला प्राधान्य देणाऱ्या पोलिस दलांचे प्रमाण १९८४ मध्ये १० टक्के होते. १९८६ पर्यंत ते ४६ टक्क्यांवर गेले. पुढील काही वर्षांत डझनभराहून अधिक राज्यांनी अटक सक्तीची करणारे कायदे केले.

वास्तविक प्रयोगाच्या मर्यादा संशोधकांना ठाऊक होत्या. प्रयोग एकाच शहरातील होता. तीनच पोलिसांनी एक चतुर्थांशाहून अधिक प्रकरणे नोंदविली होती. पाठपुराव्याच्या बाराही मुलाखती पूर्ण करणाऱ्या पीडितांची संख्या निम्म्यापेक्षा किंचित कमी होती. अटकेकडे कल ठेवावा, पण ती सक्तीची करू नये, असेही शेर्मन आणि बर्क यांनी लिहिले होते. अन्य शहरांत किंवा अन्य प्रकारच्या माणसांवर अटकेचा उलटा परिणाम होऊ शकतो, ही शंका त्यांनी बोलून दाखविली होती. कायदे करणाऱ्यांनी निष्कर्ष तेवढा घेतला आणि शंका बाजूला ठेवली.

पुन्हा तोच प्रयोग

येथे सरकारी संशोधन संस्थेने जे केले ते अधिक महत्त्वाचे ठरले. आपल्या पैशातून झालेला प्रयोग इतका गाजत असताना त्याचे श्रेय घेऊन थांबणे सोपे होते. त्याऐवजी संस्थेने तोच प्रयोग इतरत्र करून पाहण्यासाठी पुन्हा निधी दिला. ओमाहा, शार्लट, मिलवॉकी, कोलोरॅडो स्प्रिंग्ज, मायामीचा डेड काउंटी परिसर आणि अटलांटा ही सहा ठिकाणे निवडण्यात आली.

निष्कर्ष अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले. ओमाहा आणि शार्लट येथे अटकेमुळे हिंसा घटल्याचे दिसले नाही. कोलोरॅडो स्प्रिंग्ज आणि डेड काउंटी येथे पीडितांच्या मुलाखतींनुसार अटकेचा उपयोग झाला होता. अटलांटाचा अंतिम अहवाल प्रसिद्धच झाला नाही. सर्वांत अस्वस्थ करणारे निष्कर्ष मिलवॉकीचे होते. १९८७-८८ मध्ये बाराशे प्रकरणांवर केलेल्या या प्रयोगाची धुरा शेर्मन यांच्याकडेच होती. अटकेनंतरचे काही आठवडे मारहाण थांबली, पण पुढे तिचा धाक ओसरला. नोकरीधंदा असलेल्या पुरुषांवर अटकेचा वचक बसला. बेरोजगार पुरुषांमध्ये मात्र अटकेनंतर हिंसा वाढल्याचे दिसले. ज्याला नोकरी आणि समाजातील पत गमावण्याची भीती आहे तो अटकेला घाबरतो. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काहीच नाही तो चिडतो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले.

ओमाहाच्या प्रयोगातून आणखी एक उपयुक्त बाब कळली. पोलिस पोहोचण्यापूर्वी आरोपी पळून गेला असेल, तर ‘सापडला नाही’ अशी नोंद करून प्रकरण मिटविण्याची प्रथा होती. तेथे अशा आरोपींविरुद्ध वॉरंट काढण्याचा प्रयोग झाला. ज्यांच्याविरुद्ध वॉरंट निघाले त्यांच्याकडून पुढे हिंसा कमी झाली.

या प्रयोगांची मूळ माहिती संशोधकांच्या कपाटात पडून राहिली नाही. संस्थेच्या निधीतून जमविलेली आकडेवारी सार्वजनिक संग्रहात जमा करण्याची पद्धत असल्याने ती इतर अभ्यासकांना उपलब्ध झाली. त्यामुळे ख्रिस्तोफर मॅक्सवेल, जोएल गार्नर आणि जेफ्री फॅगन यांना पाच ठिकाणच्या ४,०३२ घटनांचा एकत्रित अभ्यास करता आला. त्यांचा अहवाल संस्थेनेच २००१ मध्ये प्रसिद्ध केला. पीडितांच्या मुलाखतींनुसार अटकेमुळे पुन्हा हिंसा होण्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटले होते. पोलिसांच्या नोंदींत मात्र हा फरक ठामपणे म्हणता येईल इतका मोठा नव्हता. अटक झालेली असो वा नसो, बहुसंख्य आरोपींनी पाठपुराव्याच्या काळात पुन्हा हात उगारला नाही. आरोपीची पूर्वीची गुन्हेगारी ही बाब अटकेपेक्षा अधिक निर्णायक होती. थोडक्यात, अटकेचा काहीसा उपयोग होतो, पण ती रामबाण उपाय नाही.

शेर्मन आणि हेदर हॅरिस यांनी दोन दशकांनंतर मिलवॉकीतील पीडित महिलांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीनुसार, ज्यांच्या जोडीदाराला अटक झाली होती त्या पीडितांमध्ये मृत्यूचे प्रमाण नुसती समज दिलेल्या गटाच्या तुलनेत ६४ टक्के अधिक होते. कृष्णवर्णीय महिलांमध्ये ही तफावत त्याहून मोठी होती. यातील बहुतेक मृत्यू खुनामुळे नव्हे, तर हृदयविकारासारख्या आजारांनी झाले होते. जोडीदाराच्या अटकेचा मानसिक आघात हे कारण असू शकेल, असे संशोधकांनी सुचविले. हा एकाच शहरातील निष्कर्ष आहे. तथापि सहा महिन्यांच्या पाठपुराव्यावर कायदा उभारणे किती धोक्याचे असते, याची त्याने जाणीव करून दिली.

न आवडणारी उत्तरे

संशोधनाला सरकारने पैसा दिला की सरकारला न आवडणारी उत्तरेही ऐकावी लागतात. अमेरिकी संसदेने १९९६ मध्ये अशी मागणी केली की, गुन्हे रोखण्यासाठी राज्यांना दरवर्षी दिल्या जाणाऱ्या तीन अब्ज डॉलरहून अधिक अनुदानाचा उपयोग होतो का, हे तपासावे. मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने १९९७ मध्ये अहवाल दिला आणि योजनांची ‘उपयोगी’, ‘निरुपयोगी’ आणि ‘आशादायक’ अशी वर्गवारीच करून टाकली. शाळांत गणवेशातील पोलिसांकडून अमली पदार्थांविरुद्ध धडे देणारा लोकप्रिय कार्यक्रम आणि बालगुन्हेगारांसाठीची लष्करी शिस्तीची शिबिरे निरुपयोगी ठरली. पालक, पोलिस आणि लोकप्रतिनिधी यांना दोन्ही योजना प्रिय होत्या.

अशी उत्तरे निर्भयपणे देता यावीत, यासाठी संस्थेला स्वायत्तता हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या समितीने २०१० मध्ये संस्थेच्या कामाचा आढावा घेतला आणि न्याय खात्यातील अनुदान विभागाच्या नियंत्रणामुळे तिच्या स्वातंत्र्याला मर्यादा पडतात, अशी टीका केली. हा आक्षेप किती रास्त होता, हे एप्रिल २०२५ मध्ये दिसले. न्याय खात्याच्या याच अनुदान विभागाने साडेतीनशेहून अधिक अनुदाने मुदतीपूर्वी रद्द केली. ती खात्याच्या प्राधान्यक्रमाशी सुसंगत नाहीत, असे कारण देण्यात आले. काही अनुदाने नंतर पूर्ववत झाली. तथापि पाठपुराव्याचा अभ्यास मध्येच थांबला तर तोपर्यंतचा खर्चही बव्हंशी वाया जातो. शास्त्रीय प्रश्नाचे उत्तर प्राधान्यक्रमानुसार बदलत नाही.

भारतातील स्थिती

भारतात पोलिस संशोधन आणि विकास ब्युरोची स्थापना २८ ऑगस्ट १९७० रोजी झाली. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो १९८६ मध्ये अस्तित्वात आला. ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल त्याआधीपासून, म्हणजे १९५३च्या आकडेवारीपासून निघत आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतही गुन्हेशास्त्राच्या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. आकडेवारीची परंपरा अशी दीर्घ आहे. मात्र नोंद आणि प्रयोग यांत फरक आहे. किती गुन्हे दाखल झाले, किती अटका झाल्या आणि किती शिक्षा झाल्या, हे नोंदींतून कळते. अटकेनंतर त्या घरातील मारहाण थांबली की वाढली, हे त्यातून कळत नाही.

हा फरक अटकेच्या प्रश्नावरच स्पष्ट झाला. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ रोजी अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात निकाल दिला. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत, त्यात भारतीय दंड विधानाचे कलम ४९८-अ आलेच, पोलिसांनी आपोआप अटक करू नये; अटकेची गरज लेखी नोंदवावी, असे न्यायालयाने बजावले. न्यायालयाने गुन्हे नोंद ब्युरोचे आकडे आधाराला घेतले होते. २०१२ मध्ये या कलमाखाली १,९७,७६२ जणांना अटक झाली, त्यांत सुमारे एक चतुर्थांश महिला होत्या. आरोपपत्राचे प्रमाण ९३.६ टक्के, तर दोषसिद्धीचे अवघे १५ टक्के होते.

अमेरिकेतील अनेक राज्ये अटकेच्या सक्तीकडे गेली, तर भारताने अटकेला वेसण घातली. दोन्ही निर्णयांमागे आपापली कारणे आहेत. नागरिकाचे स्वातंत्र्य हा भारतीय निकालाचा गाभा होता आणि तो केवळ प्रयोगांवर ठरणारा विषय नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही अटकेची ही बंधने कलम ३५ मध्ये कायम आहेत. परंतु अटक नाही, तर तक्रार घेऊन आलेल्या महिलेच्या सुरक्षिततेसाठी नेमके काय उपयोगी पडते, हा प्रश्न उरतोच. कमी दोषसिद्धीचा आकडा त्याचे उत्तर देत नाही. तक्रार खोटी असल्यानेही आरोपी सुटतो, साक्षीदार फिरल्यानेही सुटतो आणि तपास ढिसाळ झाल्यानेही सुटतो.

अशा प्रश्नांची उत्तरे भारतातही शोधता येतात, हे मध्य प्रदेशात दिसले आहे. तेथील पोलिसांनी संशोधकांच्या सहकार्याने १८० पोलिस ठाण्यांत एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही ठाण्यांत महिलांसाठी मदत कक्ष उघडले गेले आणि त्यातील काही कक्ष महिला पोलिसांकडे सोपविण्यात आले. इतर ठाणी तुलनेसाठी पूर्वीप्रमाणेच ठेवली. संदीप सुखटणकर, गॅब्रिएल क्रुक्स-विस्नर आणि अक्षय मंगला यांनी त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. कक्ष असलेल्या ठाण्यांत महिलांच्या तक्रारींची नोंद वाढली आणि प्रथम खबर अहवालांतील वाढ मुख्यत्वे महिला पोलिसांच्या कक्षांत दिसली. तोपर्यंत राज्याने ही योजना ७०० ठाण्यांपर्यंत नेलीही होती.

येथेही मिनिआपोलिसचा धडा लागू पडतो. मध्य प्रदेशात जे साधले ते महाराष्ट्रात, तमिळनाडूत किंवा बिहारमध्ये साधेलच असे नाही. नोंद वाढल्यानंतर त्या महिलांचे पुढे काय झाले, हेही पाहावे लागेल. त्यासाठी दुसरा प्रयोग, तिसरा प्रयोग आणि अनेक वर्षांचा पाठपुरावा लागतो. पहिल्या निष्कर्षाला प्रसिद्धी मिळते, दहाव्या वर्षीच्या निष्कर्षाला बहुधा मिळत नाही. खासगी देणगीदारांना अशा कामात सहसा रस नसतो. दारात उभ्या असलेल्या पोलिसाच्या हाती केवळ समजुतीपेक्षा अधिक काही द्यायचे असेल, तर हा रटाळ वाटणारा आणि वेळखाऊ खर्च सरकारलाच करावा लागेल. शिवाय निष्कर्ष गैरसोयीचे निघाले तरी ते प्रसिद्ध करण्याची तयारी ठेवावी लागेल.